इंद्रायणीचा भात, नोरी आणि सहा मुले

शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी भाताचे चार गोळे ओळीने मांडले, त्यांवर हौसेने काळे तीळ भुरभुरले आणि दोन पावले मागे सरून आपले कसब न्याहाळत उभा राहिलो. तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली. तिने ओट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि आवाज जराही न चढवता विचारले, "हे पिंड कोणाचे रे?"

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले, कारण ती म्हणते ते अगदी खरे होते. हाताने वळलेला भाताचा गोळा आणि त्यावर काळे तीळ ही जोडी आमच्या घरात वर्षातून एकदा, वडिलांच्या श्राद्धालाच दिसते. माझ्या डोळ्यांसमोर जपानमधल्या रेल्वे स्थानकांवरच्या दुकानांतली ओनिगिरी, म्हणजे भाताचे हाताने वळलेले गोळे, होती, तिच्या डोळ्यांसमोर दर्भ आणि पळी होती. "उद्या लोकांची मुलं जेवायला यायची आहेत," एवढेच म्हणून ती बाहेर गेली. मी काळे तीळ पुसून काढले, पांढरे तीळ भाजायला घेतले आणि ओल्या हाताने चारही गोळे दाबून त्रिकोणी केले. तसेही ओनिगिरीचा सर्वांत परिचित आकार त्रिकोणीच आहे. गोल गोळे मी केले होते ते त्रिकोण वळायला जमत नव्हता म्हणून. थोड्या वेळाने आई पुन्हा डोकावली, त्रिकोण पाहिले आणि म्हणाली, "आता सामोशासारखे दिसतायत. चालेल."

या सगळ्या खटाटोपामागची हकीकत अशी. साधारण दहा वर्षांपूर्वी नोकरीच्या कामासाठी मी अकरा महिने जपानमधल्या नागोया शहरात होतो. सुशी म्हणजे लाकडी फळीमागे उभा असलेला गंभीर चेहऱ्याचा आचारी, धारदार सुरी आणि मोजून मापून ठेवलेला माशाचा तुकडा, अशीच माझी समजूत होती. एका रविवारी कार्यालयातल्या सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावले, तेव्हा ती समजूत एका फटक्यात गेली. बैठ्या मेजाच्या मधोमध लाकडी घंगाळासारख्या भांड्यात भात होता, शेजारी नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, काळ्या पानांची चळत होती आणि भोवती सात-आठ ताटल्यांमध्ये काकडी, अंडे, उकडलेली कोळंबी, मका, मासा असे काय काय कापून ठेवलेले होते. यजमानीण बाई आमच्याबरोबरच बसल्या होत्या, कारण वाढण्यासारखे काही नव्हतेच. ज्याने त्याने तळहातावर नोरी घ्यायची, तीवर भात पसरायचा, मनाला येईल ते ठेवायचे आणि द्रोणासारखे वळून खायचे. याला तेमाकी-झुशी म्हणतात. ते म्हणजे हात आणि माकी म्हणजे गुंडाळी. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने त्या दुपारी प्रत्येक गुंडाळीत फक्त मका आणि मेयोनीज भरले आणि त्याला कोणीही एका शब्दाने टोकले नाही. ती गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

आता आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. थोरली सात वर्षांची आहे आणि धाकटा चार वर्षांचा. ताटात हिरवे दिसले की ते बोटाने कडेला सरकवण्याचे दोघांचे कसब वाखाणण्यासारखे आहे. पोळीत दडवणे, थालीपिठात किसून घालणे, गोष्टी सांगणे असे सगळे उपाय करून झाले होते. त्या नागोयाच्या मुलाची आठवण मला जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि सोसायटीतल्या चार मुलांना रविवारी जेवायला बोलावून मी मोकळा झालो. बायकोने फक्त एवढेच विचारले की, आपण आधी करून पाहणार आहोत की थेट लोकांच्या मुलांवर प्रयोग आहे.

या जेवणाचा सगळा डोलारा भातावर उभा आहे. आपल्याकडे भात मोकळा झाला की सुगरणीचे कौतुक होते, दाण्याला दाणा लागला की नाक मुरडले जाते. इथे नेमके उलटे हवे असते. तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा घटक जास्त असला की भात फडफडीत होतो, बासमतीचे तसे आहे. जपानी आखूड दाण्यात तो कमी असतो, म्हणून शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात. परदेशातून आलेल्या सुशीच्या तांदळाची किंमत पाहून मी पाकीट होते तिथे ठेवले आणि जांभळी नाक्यावरच्या नेहमीच्या वाण्याला सांगितले की चिकट होणारा तांदूळ द्या. आयुष्यात अशी मागणी त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी. "इंद्रायणी घ्या," तो म्हणाला, "पण गेल्या दिवाळीनंतर आलेलाच घ्या. जुना घेतलात तर मोकळा होईल, मग मला बोलू नका." इंद्रायणी हा मावळातला तांदूळ, आंबेमोहोराच्या जातकुळीतला. त्याला जो मंद वास असतो तो जपानी तांदळाला नसतो. माझ्या सुशीला म्हणून मावळचा वास येतो आणि मला ते दूषण वाटत नाही.

पहिला प्रयोग शुक्रवारी रात्री फसला. मी सवयीने कुकर लावला, तांदळाच्या दुप्पट पाणी घातले, तीन शिट्ट्या घेतल्या आणि झाकण उघडले तर आत चक्क खिमट होते. धाकट्याने त्यावर तूप-मीठ घालून ते मिटक्या मारीत संपवले, त्यामुळे अन्न वाया गेले नाही, एवढेच समाधान. शनिवारी मात्र नागोयाहून आणलेले एकशे ऐंशी मिलिलिटरचे माप शोधून काढले. जपानी घरांत तांदूळ याच मापाने मोजतात, त्याला गो म्हणतात आणि एका मापात दीडशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ बसतो. तांदूळ चार पाण्यांनी धुतला, अर्धा तास भिजवला, चाळणीत निथळला आणि जाड बुडाच्या पातेल्यात एका मापाला सव्वा माप पाणी घालून घट्ट झाकण ठेवले. उकळी फुटल्यावर आच अगदी मंद केली, बारा मिनिटांनी गॅस बंद केला आणि आणखी दहा मिनिटे झाकणाला हात लावला नाही. हा शेवटचा नियम पाळणे आमच्या घरात सर्वांत अवघड गेले, कारण स्वयंपाकघरातून जाणारे प्रत्येक माणूस "झाला का बघू" म्हणून झाकण उचलायला पाहत होते. पण भात उत्तम झाला. दाणा दिसत होता, चमकत होता आणि दाबला तर शेजारच्याला धरून ठेवत होता. त्याच भाताचे मी ते वादग्रस्त गोळे केले होते.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण माझाही गोंधळ होत असे. ओनिगिरीच्या भाताला आंबट काही लावत नाहीत. मिठाच्या पाण्याने हात ओले करून साधा गरम भात वळायचा असतो. सुशीच्या भाताला मात्र व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचे मिश्रण लावतात. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ओनिगिरी आणि त्याहून मोठ्यांसाठी तेमाकी असा माझा बेत होता. चार मापे तांदळाला नेहमी शंभर मिलिलिटर किंवा थोडे अधिक व्हिनेगर लागते. मुलांच्या जिभेचा विचार करून मी ऐंशीवर थांबलो, त्यात चार मोठे चमचे साखर आणि दीड चहाचा चमचा मीठ घातले आणि न उकळता, फक्त साखर विरघळेपर्यंत कोमट केले. व्हिनेगर तांदळाचेच घ्यावे. चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवलेल्या बाटलीत असते ते पांढरे व्हिनेगर मी शनिवारी वाटीभर भाताला लावून पाहिले आणि घशाशी ठसका बसला.

नोरीची कथा आणखी वेगळी आहे. पाकिटात दहा पाने होती. पूर्ण पान एकवीस गुणिले एकोणीस सेंटिमीटरचे असते. मोठ्यांच्या तेमाकीसाठी त्याचे दोन भाग करतात, मी मुलांच्या हाताच्या मापाने चार केले, म्हणजे चाळीस तुकडे झाले. कात्रीने कापताना ती कुरकुरीत होती. अर्ध्या तासाने, थोरलीला दाखवायला एक तुकडा उचलला तर तो ओल्या कागदासारखा लोंबत होता. बाहेर ठाण्याचा पाऊस धो धो कोसळत होता, भिंतींना ओल होती, पंख्याखालचे कपडे दोन दिवस वाळत नव्हते आणि मी नोरी उघड्या ताटात मांडून ठेवली होती. बायको म्हणाली, "पापड ठेवशील का असा उघडा?" उपायही पापडाचाच निघाला. एकेक तुकडा चिमट्यात धरून मंद आचेवरून दोन-तीनदा नुसता फिरवला की तो पुन्हा खुळखुळीत होतो. जरा थांबले तर जळतो. भाजलेली नोरी उजेडात धरली की काळ्याची हिरवी दिसते. भाजलेले सगळे तुकडे मी लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातले, पाकिटातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या वर टाकल्या आणि जेवताना एका वेळी पाच-सहाच बाहेर काढायच्या असे ठरवले.

तुकडे भाजत असताना थोरली शेजारी स्टुलावर बसून होती. हे झाडाचे पान आहे का, असे तिने विचारले, म्हणून मी तिला समुद्रातल्या शेवाळाची गोष्ट सांगितली. जपानी लोक कित्येक पिढ्या नोरी पिकवत आले, पण उन्हाळ्यात हे शेवाळ दिसेनासे होते तेव्हा ते जाते कुठे आणि पुन्हा येते कुठून, हे त्यांना माहीत नव्हते. पीक आले तर आले, नाही तर नाही. इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्रू-बेकर या संशोधक बाईंनी 1949 साली दाखवून दिले की ते उन्हाळाभर शिंपल्यांच्या कवचांत बारीक तंतूंच्या रूपाने दडून राहते. त्यावरून पुढे जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर नोरीचे बी धरण्याची रीत बसवली. ड्रू-बेकर स्वतः जपानला कधीच गेल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी 14 एप्रिलला तिथे नोरीचे शेतकरी जमतात. थोरलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे शिंपला त्याची आई होती?" मी हो म्हणालो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर चूक आहे, पण नोरी जळत होती.

ज्या मुलांना बोलावले त्यांच्या घरी आधी विचारणे हे काम मी क्षुल्लक समजलो होतो. बायकोने मला बसवून संदेश लिहायला लावला आणि तिचे बरोबर होते. एका मुलीला शेंगदाणा आणि तीळ दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे पांढरे तीळसुद्धा वेगळ्या वाटीत गेले. एक घर जैन, म्हणजे गाजर नाही, अंडे नाही आणि मेयोनीजही बिनअंड्याचे हवे. शेजारच्या काकूंनी फोन करून स्पष्टच विचारले, "ते काळं असतं ते शेवाळ की मासा? खरं सांगा." मी शेवाळ म्हणालो आणि त्यांना पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवायला खाली जाऊन आलो. मीसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालून केलेल्या सुपाच्या बाबतीत मात्र त्यांची शंका रास्त ठरली असती. या सुपाचा मूळ रस्सा म्हणजे दाशी. तो पुष्कळदा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कात्रणाचा असतो आणि तयार भुकटीतही मासा असतो. म्हणून मी फक्त कोंबू या जाड समुद्री शेवाळाची दाशी केली. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू अर्धा तास भिजवला, मंद आचेवर तापवत ठेवला आणि उकळी यायच्या आत काढून घेतला. उकळू दिला तर रस्सा बुळबुळीत आणि उग्र होतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, हेही मी सर्वांना कळवले, कारण ते बाटली उलटी करून वाचेपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. कच्चा मासा आणि वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी यांचा प्रश्नच नव्हता. मोची मी मुद्दामच आणली नाही. तो चिवट तांदळाचा गोळा घशात अडकून जपानमध्ये दर नवीन वर्षाला माणसे दगावतात.

रविवारी साडेअकराला मुले आली. जेवण साडेबाराला होते, पण मी त्यांना तासभर आधी बोलावले होते, कारण भाताला वारा घालायला हात हवे होते. गरम भातावर व्हिनेगरचे मिश्रण शिंपडून तो पसरट लाकडी भांड्यात उलथण्याने कापल्यासारखा हलवतात, घोटत नाहीत, आणि त्याच वेळी पंख्याने वारा घालतात. त्याने वरची ओल उडते आणि दाण्याला चकाकी येते. आमच्याकडे लाकडी भांडे नव्हते. मी माळ्यावरून आजीची पितळी परात काढली होती, ती आईने माझ्या हातातून काढून घेतली. "कल्हई केव्हा उडालीय तिची. आंबट घालशील तर कळकेल," म्हणून तिने स्टीलची परात पुढे केली. सहा मुले परातीभोवती वर्तुळ करून बसली आणि वहीचे पुठ्ठे, जुने मासिक, देवघरातला मोरपिसांचा पंखा, जे मिळाले त्याने वारा घालू लागली. पहिले दोन मिनिटे भाताला वारा लागला, नंतर एकमेकांना. दुसऱ्या मजल्यावरचा तीन वर्षांचा पाहुणा नुसते तोंडाने फुंकत होता. त्याच्या वाफेने आणि थुंकीने भाताचे काय झाले असेल याचा विचार मी केला नाही.

सतरंजीवर गोल बसून, मधोमध परात आणि भोवती वाट्या अशी मांडणी झाली. काकडीच्या बोटाएवढ्या कापा, गाजराच्या त्याच मापाच्या पण एक वाफ दिलेल्या कापा, मका आणि बिनअंड्याचे मेयोनीज, सोया सॉसमध्ये परतलेले पनीर, लोणच्याच्या जागी बारीक चिरलेली पाण्यातली कैरी, आणि दूरच्या टोकाला वेगळ्या ताटात तामागोयाकी व उकडलेली कोळंबी. तामागोयाकी म्हणजे अंड्याचे पातळ थर एकावर एक गुंडाळून केलेले जाड आम्लेट. त्यासाठी चौकोनी तवा असतो. माझ्या गोल नॉनस्टिक तव्यावर त्याची टोके निमुळती झाली, ती मी कापून आधीच खाऊन टाकली. तोक्योकडे ते गोड करतात, म्हणून मी त्यात साखर घातली आणि थोरलीने पहिल्या घासालाच जाब विचारला, "आम्लेट गोड का आहे? हे चुकलंय." धाकट्याने मात्र सहा तुकडे खाल्ले.

जेवण सुरू करताना जपानी लोक हात जोडून इतादाकिमासु म्हणतात. जे मिळाले ते मी नम्रपणे घेतो, असा त्याचा भाव. शाळेत जेवणाआधी श्लोक म्हणायची सवय असल्याने मुलांना यात नवे काही वाटले नाही, फक्त शब्द मजेशीर वाटला आणि तो त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटला की आई आतून बघायला आली.

यानंतरची वीस मिनिटे मी गप्प बसलो आणि ते मला जड गेले. पहिल्या गुंडाळीत थोरलीने इतका भात भरला की नोरी मधोमध फाटली. जैन घरातल्या मुलाने भात घेतलाच नाही, नोरीत फक्त मका भरून खाल्ला आणि दुसऱ्यांदा तसेच केले. "अरे, थोडा भात घे की," हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. बायकोने पायाने ढोसले. तिसऱ्या खेपेला त्याने आपण होऊन चिमूटभर भात लावला, कारण शेजारच्या मुलीची गुंडाळी भातामुळे चिकटून राहत होती आणि त्याची सुटत होती. काकडीला कोणी हात लावीना, तेव्हा मी कप्पाची गोष्ट काढली. कप्पा हा जपानी नद्यांतला पोरकट भुताटकीचा प्राणी. त्याच्या डोक्यावर बशीसारखा खळगा असतो आणि त्यात पाणी असते, ते सांडले की त्याची शक्ती जाते. तो भेटला तर कमरेत वाकून नमस्कार करायचा, तोही शिष्टाचार म्हणून वाकतो आणि पाणी सांडते. त्याला काकडी अतिशय आवडते, म्हणून काकडीच्या सुशीचे नावच कप्पा-माकी. पुढची पाच मिनिटे सहाही मुले एकमेकांना वाकून नमस्कार करत होती आणि काकडीची वाटी रिकामी झाली. आमच्या धाकट्याने आयुष्यात प्रथमच साल न काढलेली काकडी खाल्ली आणि आपण काय केले हे त्याला अजूनही कळलेले नाही.

चॉपस्टिकच्या जोड्यांना मी वर रबरबँड बांधून चिमट्यासारखे करून ठेवले होते. त्या फारशा लागल्या नाहीत, सुशी हाताने खाल्लेली चालतेच. पण धाकट्याने आपल्या वाटीतल्या भातात एक काडी उभी खोचली आणि टाळ्या पिटल्या. मी चटकन ती काढून आडवी ठेवली. नागोयाच्या त्या घरी मी हेच केले होते आणि बोलणे एकदम थांबले होते. यजमानांच्या आजींनी माझ्याकडे न पाहता हात लांबवून काड्या काढल्या आणि बाजूला ठेवल्या. जपानमध्ये मृताच्या उशाशी भाताची वाटी ठेवून तीत काड्या उभ्या खोचतात. एरवी जेवताना तसे करणे अशुभ. आई दारात उभी होती, तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मग काल मी काय म्हणत होते?" आणि धाकट्याच्या शेजारी सतरंजीवर बसली. तोवर ती फक्त बघत होती.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. तीन वर्षांच्या पाहुण्याला मी ओनिगिरी देणार होतो, पण मोठ्यांच्या हातात नोरी पाहून त्याने हट्ट धरला आणि मी एक अख्खा तुकडा त्याला दिला. तोंडात गेल्यावर नोरी ओली होऊन टाळूला चिकटते, मोठ्या माणसालाही जिभेने सोडवावी लागते. त्याला उबळ आली, डोळ्यांत पाणी आले आणि चेहरा लाल झाला. सर्वांत लहान मुलाच्या आईने थांबावे असे बायकोने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून त्याची आई शेजारीच होती. तिने त्याला पुढे वाकवले, समोर दिसत असलेला तुकडा टाळूवरून सोडवला, पाणी पाजले आणि दोन मिनिटांत तो पुन्हा मका मागू लागला. माझे हात मात्र बराच वेळ कापत होते. त्यानंतर त्याच्यासाठी नोरी कात्रीने राईएवढी बारीक कापून भातावर भुरभुरली. हे मला आधी सुचायला हवे होते.

मीसो सूप मुलांच्या बाबतीत सपशेल पडले. पहिली चूक भांड्यांची. जपानी लोक लाकडी वाटी हातात उचलून सूप पितात, मी स्टीलच्या वाट्यांत वाढले आणि एकालाही वाटी हातात धरवेना. मग ते चहाच्या मगांत ओतले. मीसो गॅस बंद केल्यावरच विरघळवायचा असतो, नाहीतर त्याचा वास उडून जातो, एवढे पथ्य मी पाळले होते, मुलांसाठी मीसो निम्माच घातला होता, टोफूचे नखाएवढे तुकडे केले होते. "हे मिठाचं पाणी आहे," असा निकाल थोरलीच्या मैत्रिणीने दिला आणि बाकीच्यांनी तो मान्य केला. आईने मात्र दोन मग प्यायले. "चिंच नाही, गूळ नाही, फोडणी नाही, तरी पाण्याला चव कसली आहे?" असे तिने विचारले. हाच प्रश्न किकुनाए इकेदा या तोक्योच्या प्राध्यापकांना कोंबूच्या रश्श्याबद्दल पडला होता आणि 1908 साली त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळे काढून त्या चवीला उमामी हे नाव दिले, असे मी सांगू लागलो. तिला नावाशी कर्तव्य नव्हते. सर्दी झाली की हे करून दे, असे म्हणून तिने मग खाली ठेवला.

दीड वाजता परात खरवडून निघाली होती. चाळीस तुकड्यांपैकी नऊ फाटले, दोन ओले झाले, एक मी वर लिहिले तसा गेला, एक डब्यात राहिला आणि बाकीचे पोटात गेले. गाजर जवळजवळ तसेच उरले. कोळंबी फक्त मोठ्यांनी खाल्ली. शिजवलेला भात उष्ण हवेत तास न् तास ठेवू नये म्हणून ओनिगिरीचा उरलेला भात मी लगेच थंड करून फ्रिजमध्ये टाकला आणि संध्याकाळी त्याचा फोडणीचा भात झाला. जेवण झाले की आभार म्हणून गोचिसोसामा म्हणायचे असते, ते मुलांना जमले नाही. एकाने "घोटाळा सामा" असे म्हटले आणि सगळी टोळी तेच ओरडत जिना उतरली. सतरंजीच्या विणीत अडकलेले भाताचे दाणे काढायला मला आणि बायकोला पाऊण तास लागला. आंबट-गोड भात वाळला की दगडासारखा होतो, तेव्हा हे काम ओले असतानाच करावे, किंवा सरळ वर्तमानपत्रे अंथरावीत.

मंगळवारी सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. आई इंद्रायणीचा मऊ भात परातीत पसरून उभी होती, शेजारी मेतकुटाची बरणी होती. तिने तळहातावर भात घेतला, मध्ये तुपात कालवलेले मेतकूट ठेवले, वरून भात लावला आणि तीन बाजूंनी दाबला. माझ्यापेक्षा सुबक त्रिकोण झाला. मग नोरीच्या डब्यातला शेवटचा तुकडा कात्रीने कापून तिने त्रिकोणाच्या बुडाशी पट्टीसारखा चिकटवला आणि तो थोरलीच्या शाळेच्या डब्यात ठेवला. मी दारात उभा असल्याचे तिच्या लक्षात आले तेव्हा हात न थांबवता तिने विचारले, "हाताला मिठाचं पाणी लावायचं म्हणालास ते किती खारट? आणि ही काळी पानं संपली. येताना आणशील."